शाळेतला संगणक निकामी झाला, हे कोणी ठरवायचं?

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग,
आणि राज्यातला माहिती तंत्रज्ञानाचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, महोदया,



मी कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीत राहतो. संगणकाची लहानपणापासून आवड आहे. त्या आवडीपायी आसपासच्या शाळांतली, दुकानांतली आणि घरांतली यंत्रं उघडून दुरुस्त करत आलो आहे. हे पत्र खुलं लिहितोय, कारण यातलं दुखणं एका शाळेचं किंवा एका तालुक्याचं नाही. आपल्या खात्याच्या एका निर्णयाने ते बरंचसं दूर होऊ शकतं, अशी माझी खात्री आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नियमित समर्थन थांबवलं. त्या दिवसापासून या ऑपरेटिंग सिस्टिमला आपोआप मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतनं बंद झाली. विंडोज ११ वर जावं, तर त्याच्या अटी कडक आहेत. यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ साली पैसे मोजून घेतलेलं कोरं करकरीत यंत्रसुद्धा या अटीत बसत नाही. आमच्याकडच्या शाळांमध्ये जे संगणक आहेत, ते बहुतेक याच काळातले किंवा त्याहून जुने. काही योजनेतून आलेले, काही मुंबईच्या एखाद्या कंपनीने नवे घेतल्यावर देणगी म्हणून दिलेले.

त्यामुळे आता शाळांतून एकच सूर ऐकू येतो. ‘हे संगणक आता चालायचे नाहीत, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा.’ डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लाल शेरा पडतो, यंत्रं कोपऱ्यात रचली जातात आणि संगणक कक्षाला कुलूप लागतं. नवे संगणक कधी येणार, हे कोणालाच सांगता येत नाही. तोवर पाचवीतलं मूल आठवीत जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, सार्वजनिक पैशातून घेतलेलं यंत्र निकामी झालं की नाही, हे यंत्राची अवस्था पाहून आपण ठरवायला हवं. एका कंपनीने आपल्या सोयीने ठरवलेली तारीख हे त्याचं माप होऊ शकत नाही. हे सूत्र धरून माझ्या तक्रारी आणि मागण्या क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार निर्लेखनाची.

‘निकामी’ ठरलेल्या अशा एका यंत्राचं झाकण मी अलीकडेच उघडलं. आत धुळीचा थर आणि कोळ्याची जाळी होती, पंखा जाम झाला होता. आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो, त्या ओलीने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. रॅम काढून पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. तो सेल मेला की लाइट गेल्यावर यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग तारीख चुकल्यामुळे ब्राउझर कोणतीच सुरक्षित वेबसाइट उघडायला तयार होत नाही, आणि शाळेला वाटतं की इंटरनेट बिघडलंय. जुनी हार्डडिस्क काढून तिथे छोटी एसएसडी बसवली. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आधी नुसती चालवून पाहिली. लिनक्सची ही मोठी सोय आहे. यंत्रावर काहीही न बसवता पडदा, आवाज, वाय-फाय, कीबोर्ड चालतात की नाही हे पेन ड्राइव्हवरूनच कळतं. सगळं चाललं, मग ती कायमची बसवली. प्रोसेसर चौथ्या पिढीचा, रॅम चार जीबी. विंडोज ११ च्या लेखी हे यंत्र संपलं आहे. मुलांसाठी मात्र ते आज गणित, चित्रकला, लेखन आणि इंटरनेट या सगळ्या कामांना पुरून उरतं. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतनं मिळणार आहेत आणि त्यासाठी कोणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

प्रत्येक यंत्र असं वाचतं, असा माझा दावा नाही. ज्याचा मदरबोर्डच जळला आहे ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवं, भंगारवाल्याकडे नाही. ३२ बिटचे फार जुने प्रोसेसरही सोडून द्यावेत, त्यांना आता लिनक्सच्या मोठ्या वितरणांनीही निरोप दिला आहे. पण निर्लेखनाआधी यंत्र एकदा उघडून पाहायला हवं, आणि तशी अट आज कुठेच दिसत नाही.

आमच्या भिवपुरीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालू आहे. ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटावरून खाली येतं, वीज तयार करतं आणि मग पेज नदीत सोडलं जातं. त्याच पाण्यावर खाली उन्हाळी भात पिकतो. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी ‘वापरलेलं’ म्हणून कोणी वाया घालवत नाही. मुंबईच्या कचेरीत एक डाव खेळून आलेला संगणकही आमच्या शाळेत दुसरं पीक देऊ शकतो. ते घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी तक्रार चोरीच्या सॉफ्टवेअरची. हे बोलायला अवघड आहे, पण आपण सगळे ते जाणतो.

ग्रामीण भागातल्या शाळा, क्लास, झेरॉक्सची दुकानं आणि घरं यांत किती संगणकांवर परवान्याची विंडोज आहे, हे आपण एकदा तपासून पाहावं. संगणक ‘फॉरमॅट मारून’ देणारा माणूस त्यावर विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप टाकून देतो, आणि ते विकतचं असतं हे ग्राहकाच्या गावीही नसतं. ही क्रॅक प्रत चालू करण्यासाठी जो ॲक्टिव्हेटर वापरतात, त्याची पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’. म्हणजे घराचं दार उघडं टाकून अनोळखी माणसाला आत घ्यायचं. नंतर त्याच यंत्रावर मुख्याध्यापक विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक भरतात, पालक बँकेचा व्यवहार करतात. हा धोका माझ्या मते परवान्याच्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे.

आणि मुलांच्या मनावर काय उमटतं? शाळेत प्रामाणिकपणाचे धडे आपण देतो. त्याच शाळेच्या संगणकावर खालच्या कोपऱ्यात ‘विंडोज सक्रिय करा’ ही पुसट अक्षरं वर्षभर तरंगत असतात, किंवा ती क्रॅकने पुसलेली असतात. परवाना घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत, हे खरं आहे. म्हणून तर कायदेशीर आणि मोफत पर्याय हाताशी असताना शाळेला चोरीच्या वाटेवर सोडणं मला मान्य नाही.

तिसरी तक्रार प्रशिक्षणाची, आणि माझ्या लेखी ही सगळ्यांत मोठी आहे.

एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे. खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना संगणकासमोर बसवण्याचं, माउस हातात देण्याचं मोठं काम या अभ्यासक्रमाने केलं. कर्जत-खालापूरच्या अनेक घरांत पहिलं संगणक प्रमाणपत्र तेच आहे. त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण या पाव शतकात संगणक म्हणजे विंडोज आणि कागद लिहिणं म्हणजे वर्ड, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं. फाइल म्हणजे काय, फोल्डरांची मांडणी कशी असते, ऑपरेटिंग सिस्टिम नेमकं काय करते, प्रोग्राम आणि दस्तऐवज यांत फरक काय, हे कळलेला विद्यार्थी कोणत्याही यंत्रावर तासाभरात रुळतो. फक्त ‘इथे क्लिक, मग तिथे क्लिक’ हे पाठ केलेला विद्यार्थी बटणाची जागा बदलली की अडखळतो. विंडोज ७ वरून १० वर आणि १० वरून ११ वर जातानाही तो अडखळला आहेच. त्यामुळे ‘लिनक्स मुलांना अवघड जाईल’ हे कारण मला पटत नाही. वाडीवरून येणाऱ्या ज्या मुलाच्या घरी संगणकच नाही, त्याला दोन्ही सारखेच नवे असतात. अडचण येते ती आधी शिकलेल्या मोठ्यांना, आणि ती प्रशिक्षणाने सुटणारी आहे.

याचा दाखला दक्षिणेत आहे. केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल हा प्रकल्प सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणलं. दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा मुलं लिनक्सवर देऊ लागली. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचं रूपांतर काइट या सरकारी कंपनीत झालं. ती शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. केरळला हे साधलं, कारण त्यांनी आधी शिक्षक तयार केले आणि यंत्रं नंतर बदलली. म्युनिक शहराचा अनुभव याच्या उलट आहे. त्यांनी वर्षानुवर्षं खपून कचेऱ्या लिनक्सवर नेल्या आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. राजकीय पाठबळ टिकलं नाही, तर चांगलं कामही मोडतं, हा त्याचा धडा. म्हणून मी घाईची मागणी करत नाही. टिकाऊ धोरणाची करतो.

शिकवण्याचं साहित्य नाही, असंही म्हणता येणार नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत उपलब्ध आहेत. हा प्रकल्प केंद्र सरकारच्याच निधीतून उभा राहिला. आमच्या कर्जत लोकलच्या मार्गावर कांजूरमार्गला उतरलं की आयआयटी जवळ आहे. ते धडे मात्र आमच्या तालुक्यातल्या शाळांपर्यंत पोचलेले मला दिसत नाहीत. सीडॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांना सोयीची लिनक्स आणली, तिचं नावही शिक्षकांना ठाऊक नसतं. इतकी तयारी सरकारच्या घरात असून ती वर्गात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

चौथी तक्रार निविदांची. खरेदीच्या कागदात ‘वर्ड प्रोसेसर हवा’ असं लिहिण्याऐवजी एखाद्या उत्पादनाचं नावच लिहिलेलं असतं. केंद्र सरकारचं २०१२ चं शालेय शिक्षणातल्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय धोरण मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्या, असं सांगतं. २०१५ चं मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयीचं धोरण तर निविदेत या पर्यायाचा विचार बंधनकारक करतं आणि तो नाकारला तर कारण द्यायला सांगतं. राज्यांवर ते धोरण आपोआप लागू होत नाही, पण राज्याला ते स्वीकारता येतं. कागदावरची ही वाट महाराष्ट्राने वापरावी.

एकाच कंपनीवर सगळा भार टाकण्याचा धोका आता पुस्तकी राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांचं कारण पुढे आलं आणि गुजरातमधल्या वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा थांबल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, नंतर सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. जिल्हा परिषदेच्या शाळेने कोणाचं दार ठोठावायचं?

पाचवी तक्रार मराठी अक्षरांची. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. केंद्राने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. तरीही आजसुद्धा एखादं परिपत्रक वर्डच्या फाइलमध्ये जुन्या डीटीपी फाँटमध्ये येतं. तो फाँट आपल्या यंत्रावर नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, अंध शिक्षकाला स्क्रीन रीडरने ऐकता येत नाही. यात लिनक्स-विंडोजचा प्रश्नच नाही, कोणत्याही यंत्रावर हाच त्रास होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे सुंदर टंक मोफत आहेत. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येही असतो, लिनक्समध्येही. मग सरकारी पत्र कोणत्याही पडद्यावर वाचता यावं, ही अपेक्षा जास्तीची नाही.

लिनक्सच्या अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. टॅली विंडोजवर चालतं. आमच्याकडची छापखान्यांची डीटीपीची कामं विंडोजवर अवलंबून आहेत. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर नीट चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीची टोकनं आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रं यांची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. म्हणून ज्या टेबलावर हे काम चालतं, तिथे परवान्याची विंडोज असावी आणि तिच्या समर्थनासाठी रीतसर पैसेही द्यावेत. पण शाळेच्या कार्यालयाचं रोजचं काम पाहा. यू-डायस, सरल, शालार्थ या सरकारी प्रणाली ब्राउझरमधून चालतात. संगणक कक्षातल्या मुलांना तर टॅलीही लागत नाही आणि स्वाक्षरीचं टोकनही. त्यांना जिओजेब्रा, टक्स पेंट, जीकॉम्प्रिस, स्क्रॅच आणि लिबरऑफिस मिळालं, तर वर्षभर पुरेल एवढा अभ्यास त्यात आहे, आणि बराचसा इंटरनेट नसतानाही चालतो. आमच्या भागात ही गोष्ट लाखमोलाची आहे.

आता मागण्या.

एक, संगणकाच्या निर्लेखनाआधी तांत्रिक तपासणी सक्तीची करावी. यंत्र साफ करून, सेल आणि डिस्क बदलून, हलक्या लिनक्सवर चालतं का हे पाहिल्याची नोंद असल्याशिवाय प्रस्ताव मंजूर होऊ नये.

दोन, राज्याने शाळांसाठी एक लिनक्स आवृत्ती निवडावी, तिच्यात मराठी टंक, इनस्क्रिप्ट आणि शैक्षणिक सॉफ्टवेअर आधीच बसवून द्यावं आणि तिची जबाबदारी किमान पाच वर्षं घ्यावी. नवी बनवण्याचा अट्टाहास नको. बॉस आहे, केरळची आहे, मिंट आहे.

तीन, प्रत्येक तालुक्यात संगणक दुरुस्ती आणि लिनक्स शिकलेली एक व्यक्ती गटसाधन केंद्रात असावी. शाळेचं यंत्र अडलं की मुख्याध्यापकांना बाजारात धावावं लागू नये.

चार, सरकारमान्य संगणक अभ्यासक्रमात मूळ संकल्पना शिकवाव्यात आणि किमान दोन ऑपरेटिंग सिस्टिमवर हात बसवावा. वर्डबरोबर लिबरऑफिस रायटरही असू द्या.

पाच, निविदेत उत्पादनाचं नाव नको, गरज लिहा. नव्या सरकारी वेबसाइट आणि त्यांना लागणारी उपकरणं लिनक्सवरही चालली पाहिजेत, ही अट पुरवठादाराला घाला.

सहा, सर्व पत्रं आणि नमुने युनिकोडमध्ये, कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा स्वरूपात द्यावेत.

हे सगळं राज्यभर एकदम होणार नाही, याची जाणीव आहे. म्हणून सुरुवात एका तालुक्यापासून करावी, आणि तो कर्जत असावा असं मी सुचवतो. इथे लोकलच्या मार्गावरच्या शाळा आहेत आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवरच्याही. ओल, विजेची ये-जा, नेटचा लपंडाव या सगळ्या परीक्षा इथे होतात. एक शैक्षणिक वर्ष हा प्रयोग करावा. किती यंत्रं वाचली, किती खर्च आला, शिक्षकांना कुठे अडलं, मुलं काय शिकली, हे सगळं जाहीर करावं. आकडे विरोधात गेले, तर मी हा आग्रह सोडून देईन. बाजूने गेले, तर पुढचा निर्णय आपण घ्यावा.

या कामासाठी माझे सुट्टीचे दिवस आणि माझी हत्यारं शाळांच्या हवाली आहेत. या भागात माझ्यासारखी आणखी माणसं आहेत, अभियांत्रिकीची मुलं आहेत. ती मोबदल्याची वाट पाहणार नाहीत. त्यांना शाळेत येण्याचा अधिकृत कागद मात्र हवा, कारण सरकारी यंत्राला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तो कागद फक्त आपण देऊ शकता. तेवढा द्या, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
भिवपुरीचा एक संगणकप्रेमी
(ता. कर्जत, जि. रायगड)